बिनचष्म्याचं थ्रीडी

नांदगाव पेठच्या वसाहतीत शर्ट शिवणारा एक कारखाना आहे. तिथं मी सुई पकडायच्या मशीनवर असतो. शिवून, इस्त्री होऊन, घडी घालून आलेला प्रत्येक शर्ट खोक्यात जाण्याआधी पट्ट्यावर बसतो आणि एका बुटक्या बोगद्यातून पलीकडं जातो. शिवताना सुईचं टोक मोडून कापडात राहिलं असलं, तर मशीन कुंईऽऽ करतं, पट्टा जागच्या जागी थांबतो आणि तो शर्ट मी बाजूला काढतो. बटणं, चेन, हुक सगळं चुंबकाला न चिकटणारंच वापरतात, त्यामुळं मशीन फक्त लोखंडावर ओरडतं. ओरडलं की थांबायचं, गप्प बसलं की पुढं सोडायचं. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला याहून सोपं आणि याहून जबाबदारीचं काम मिळणं अवघड आहे. सोपं म्हणून मी खूश असतो आणि जबाबदारीचं म्हणून मला घास गोड लागत नाही. परदेशात कुणा लेकराच्या मानेला माझ्या हातून सुटलेली सुई टोचतेय, असं मला जेवताना दिसतं.

मी मूळचा इचलकरंजीकडचा. तिकडं बरीच वर्षं यंत्रमागावर काढली, मग इकडं आलो. बायको आणि मुलगी गावाकडंच आहेत. अमरावतीत एका मावशींच्या घरी मागच्या खोलीत राहतो. मावशी म्हणजे घरमालकीण. नात्याच्या नाहीत, पण आता नात्याच्या नाहीत असं म्हणायला जीभ रेटत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी दारातूनच "काहून रे, जेवला का नाई?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं खोली सोडायला सांगतायत. नंतर कळलं, ही माया आहे. वऱ्हाडात माया दगड मारल्यासारखी येते. झेलायला शिकावं लागतं.

तर एका दुपारी मशीन कुंईऽऽ झालं आणि मी पट्टा थांबवला. शर्ट उलटापालटा केला, परत बोगद्यातून सोडला, काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच. सुपरवायझर साहेब आले.

"मास्टर, पट्टा का थांबवला?"

"मशीन वाजलं साहेब."

"मी इथंच उभा आहे. नाही वाजलं."

"मला ऐकू आलं की."

"मशीन वाजलं तर पट्टा आपोआप थांबतो. तुम्ही बटण दाबून थांबवलाय. मग वाजलं कोण?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी संध्याकाळी मिळालं. मावशींच्या ओसरीवर वरण-भात कालवत होतो आणि वरणातही मशीन वाजत होतं. म्हणजे वाजत होतो मीच. उजव्या कानात. फोनही मी नकळत डावीकडं धरायला लागलो होतो, कारण उजव्या कानाला बायको विहिरीतून बोलल्यासारखी वाटायची. तिला मी हे सांगितलं नाही. इतक्या लांबून ती काय करणार होती, काळजीच ना? आणि काळजी करायला मी एकटा पुरेसा होतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी मला एका बंद खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज सोडले आणि मग कागदावरच्या दोन रेघा दाखवल्या. डाव्या कानाची रेघ बरी होती. उजव्या कानाची घाटातल्या रस्त्यासारखी खाली गेली होती.

"एकाच बाजूनं कमी झालंय, म्हणून एमआरआय करून घेऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "कानाकडून मेंदूकडं जाणारी ऐकण्याची शीर असते. तिच्यावर क्वचित छोटीशी गाठ असते. बहुतेकांना नसते. शीर दोऱ्याएवढी, म्हणून साधा नको, कानाचा थ्रीडी लिहून देते."

यातलं 'छोटीशी', 'क्वचित' आणि 'बहुतेकांना नसते' हे सगळं दवाखान्यातच राहिलं. माझ्याबरोबर घरी एकटी गाठ आली. गाठ निघाली तर डोकं उघडणार, कारखाना सुटणार, अमरावती सुटणार. आणि ज्या गावातून पोट भरायला बाहेर पडलो त्याच गावात डोक्याला पट्टी बांधून उतरणार. पायरीवर बसून मी हे सगळं मावशींना सांगितलं. त्यांनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली.

"अकोल्याले जाऊ," त्या म्हणाल्या.

"मावशी, अमरावतीत मशिनी आहेत की चिक्कार."

"मशिनी हायेत, पण माणूस हाये का आपला? माह्या बहिणीचं पोरगं अकोल्याले थेच मशीन चालवते. अनोळखी माणसाच्या हातात डोस्कं देतेस का, भैताडा?"

इथं कुठलीही तपासणी ओळखीच्या माणसाशिवाय होत नाही. रक्त द्यायचं तरी साडूचा मेहुणा जिथं असेल तिथं जाऊन देतात. मला हे पटलंच असं नाही, पण माझ्यासाठी कुणी ओळख काढतंय याचाच मला गहिवर आला. मी लगेच हो म्हणालो.

जाण्याच्या आदल्या दिवशी गल्लीला बातमी लागली. 'डोक्यात काही निघालं नाही म्हणजे मिळवली' हा विनोद मला तिघांनी वेगवेगळा ऐकवला आणि तिघांनाही तो स्वतःलाच सुचला असं वाटत होतं. थ्रीडीबद्दल मात्र गल्लीचं एकमत होतं: चष्मा देतात. सिनेमाला देतात तसा, एक काच लाल, एक निळी. चष्मा घातला की फोटोतून डोकं बाहेर येतं. मावशींनी पदराला गाठ मारून ठेवली, चष्मा मागून घ्यायचा, विसरायचं नाही.

शेजारी मोटारींचं वाइंडिंग करणारे चाचा आहेत. गुंडाळलेल्या तारेबद्दल त्यांचा शब्द शेवटचा, म्हणून मी मुद्दाम त्यांच्याकडं गेलो.

"मास्टर, एमआरआय म्हणजे बडा चुंबक," ते तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "अंदर कॉइल असते, आपल्यासारखीच. फक्त एकदम थंडी ठेवतात. एकदा करंट सोडला की घुमतच राहतो."

"मग बंद कधी करतात?"

"बंद नाय करत. रातदिन चालू. म्हणून लोखंड घेऊन जायचं नाय. खुर्ची खेचून घेते, खुर्ची!"

"आणि चाचा, माणसाच्या अंगातच लोखंड असलं तर?"

चाचांनी हातातली मोटार खाली ठेवून माझ्याकडं नीट बघितलं. "तो फिर बाहेर येईल," ते म्हणाले आणि परत तार गुंडाळायला लागले.

मी माझ्या डाव्या अंगठ्याकडं बघितलं. मागावर जायच्या आधी मी शिलाईच्या दुकानात शिकत होतो. तिथं एकदा मशीनची सुई या अंगठ्यात आरपार जाऊन मोडली. कंपाउंडरनं चिमट्यानं काढली. सगळी काढली की थोडी ठेवली, हे तो कंपाउंडरच जाणे. दुसऱ्यांच्या शर्टातल्या सुया शोधून पोट भरणारा माणूस मी, आणि स्वतःच्या अंगठ्याची खात्री नाही.

बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. मावशींनी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वाटेत लागतील म्हणून पिशवीभर संत्री घेतली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी समोरच्या बाकावरच्या सगळ्यांना माझं दुखणं सांगून टाकलं. एकानं विचारलं, "कोणती बाजू?" मी उजवा कान दाखवला. त्यानंतर तो माणूस अकोल्यापर्यंत माझ्या डाव्या बाजूला येऊन मोठमोठ्यानं बोलला. चांगला माणूस होता. पण डावा कान धड आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

एमआरआयच्या सेंटरवर भेटलेला मावशींचा भाचा म्हणजे पंचविशीतला, चष्मेवाला, फार नम्र मुलगा. त्यानं मला 'भाऊ' म्हटलं, पाणी दिलं आणि प्रश्न विचारायला बसला.

"पेसमेकर आहे का?"

"नाही."

"अंगात कुठं सळई, प्लेट, स्क्रू?"

"नाही."

"वेल्डिंग, ग्राइंडरचं काम केलं का कधी? डोळ्यात लोखंडाचा कण?"

"डोळ्यात नाही. पण लहानपणी चाराण्याचं नाणं गिळलं होतं."

"निघालं ना थे?"

"आईनं बघितलं होतं म्हणे."

"बाप्पा!" मावशी म्हणाल्या. "याले इचारत नको बसू. हा सायकलची घंटी गिळल्याचंही कबूल करन."

मग मी अंगठ्याचं सांगितलं. मला वाटलं भाचा हसेल. तो हसला नाही. "हे बरं केलं भाऊ, सांगतलं," म्हणाला आणि आधी अंगठ्याचा एक्स-रे काढायला पाठवलं. एक्स-रे आला. अंगठा स्वच्छ होता. मी तो तीनदा उजेडाकडं धरला. भाच्याला म्हटलं, नीट बघितलं ना? तो म्हणाला, बघितलं. मी म्हटलं, उलटा धरून? मग मावशींनी एक्स-रे माझ्या हातून काढून घेतला.

मला अजून थ्रीडी कळलं नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीत डोकं घालायचं म्हणजे मी नुसता अंगठा चोळत बसतो. भाच्याला ते दिसलं असावं. त्यानं मावशींच्या पिशवीतलं एक संत्रं घेतलं आणि शेजारच्या चहाच्या टपरीवरून सुरी आणली.

"हे पाहा भाऊ. साधा एमआरआय म्हणजे संत्र्याच्या अशा चकत्या." त्यानं दोन-तीन जाड चकत्या कापल्या. "आता एखादी बी दोन चकत्यांच्या मधात राह्यली तं?"

"दिसायची नाही."

"बरोबर. अन् मले ह्याच चकत्या उभ्या करून पाह्यच्या असल्या, तं? जाड आहेत, कडेनं पाह्यलं का पायऱ्या-पायऱ्या दिसतीन. थ्रीडीत आम्ही चकत्या कापतच नाही. अख्खं संत्रं एकदम कम्प्युटरात घेतो. त्याचे बारीक बारीक दाणे, सगळ्या बाजूंनी सारखे, खेळातल्या फाशासारखे. मधात फट नाही. मग नंतर आडवं कापा, उभं कापा, तिरपं कापा. पेशंट घरी गेला तरी कापता येते."

हे मला कळलं. खरंच कळलं, आणि कळल्याचा इतका आनंद झाला की मी त्याला पुन्हा एकदा कापून दाखवायला सांगितलं. पण तोवर संत्रं उरलं नव्हतं. मावशी बिया पुसत होत्या.

"हे सारं चुंबकानं कसं दिसते रे?" त्यांनी विचारलं.

"मावशी, अंगात पाणीच पाणी आहे ना? त्या पाण्यात बारके बारके चुंबक असतात समज. मोठ्या चुंबकात गेले का थे रांगेत उभे राह्यतात, शाळेतल्या प्रार्थनेसारखे. आम्ही रेडिओची लहर सोडतो, थे वाकडे होतात. लहर बंद केली का परत रांगेत येतात, अन् येता येता बारीकशी हाक देतात. थे हाक आम्ही पकडतो."

"म्हंजे कालवा पोट्टे करतात अन् मास्तर फोटो काढते."

"तसंच. अन् कोणतं पोट्टं कुठून ओरडलं हे कळाले पाह्यजे, म्हणून चुंबकाचा जोर जागोजागी कमीजास्त करत राह्यतो. त्यानं मशीन लय वाजते. भ्यायचं नाही."

शेवटचं वाक्य त्यानं माझ्याकडं बघून म्हटलं होतं. त्याची चूक नाही. मी तेव्हा अंगठ्याकडं बघत होतो.

मावशींना आत माझ्यासोबत बसायचं होतं. भाचा म्हणाला, बस, पण अंगावरचं सगळं लोखंड काढ. मावशींनी खांद्यावरची पिन काढली. मग निऱ्यांची. मग पदराची, ब्लाऊजची, केसांतल्या चापा, आणि बांगडीला अडकवलेल्या दोन फालतू पिना, 'कोणाले लागल्या तं' म्हणून ठेवलेल्या. टेबलावर ढीग झाला. मग मावशी उठायला गेल्या आणि लगेच खाली बसल्या.

"मी बाहीरच बरी," त्या म्हणाल्या. "पिना हायेत म्हणून लुगडं हाये."

मला आडवं केलं. कानात बोळे, त्यावर हेडफोन, डोक्यावर जाळीचं मोठं टोपडं, हातात रबरी फुगा. काही वाटलं तर दाबा, भाचा म्हणाला. मग पाट सरकला आणि मी बोगद्यात गेलो.

आता इथं माझी बाजू समजून घ्या. मी रोज शेकडो शर्ट पाठीवर निजवून पट्ट्यावरून बोगद्यात पाठवतो. त्यांच्या जागी मी पहिल्यांदाच होतो. आणि बोगद्याचा एकच कायदा मला माहीत आहे: आत लोखंड असलं तर वाजतं, नसलं तर शर्ट गुपचूप पलीकडं जातो.

मशीन वाजलं.

वाजलं म्हणजे साधं नाही. आधी ठक ठक ठक, मग टँवऽ टँवऽ टँवऽ, मग कुणी पत्र्यावर घण घालावा तसं. मी मनात म्हटलं, संपलं. अंगठा नाही तर मग दुसरं कुठलं तरी टोक, कुठं तरी शरीरात फिरत गेलेलं, आणि ते आता चाचा म्हणाले तसं बाहेर येणार. आत अडकलेला शर्ट पट्टा थांबवू शकत नाही. पण माझ्या हातात फुगा होता. मी तो दोन्ही हातांनी दाबला आणि डोकं उचललं. ते जाळीला आपटलं.

आवाज थांबला. हेडफोनमधून भाचा घाईनं म्हणाला, "भाऊ, काय झालं?"

"वाजलं!"

"हाव, थे वाजतेच."

"कुठं आहे?"

"काय कुठं आहे?"

"सुई!"

मग दूरवर मावशींचा आवाज आला, "काय म्हणते? सुई? कोन्ती सुई?" आणि मग भाचा तोंडावर हात धरून हसतोय असं मला स्पष्ट ऐकू आलं. त्या वेळी माझे दोन्ही कान चांगले चालले.

तो आत आला. पाट बाहेर घेतला. मी त्याला आमच्या मशीनचं सगळं सांगितलं. आता तो हसला नाही, उलट थोडा विचारात पडला. म्हणाला, "बरोबर आहे भाऊ. तुमच्याकडं मशीन ऐकते अन् मंग ओरडते. इथं मशीन ओरडते, अन् मंग ऐकते. वाजलं म्हणजे काही सापडलं असं नाही. काम चालू आहे, एवढंच."

"मग जेवढं झालं तेवढं चालेल?"

"नाही ना." त्याचा चेहरा पडला. "साध्यात एखादी चकती बिघडली तं तेवढीच बिघडते. थ्रीडीत तसं नसते. दर क्षणाले जे हाक येते थे अख्ख्या संत्र्याची येते, अन् शेवटी साऱ्याचा मिळून एकच हिशेब लागते. मधात डोकं हललं का सगळंच धुकट. पुन्हा पहिल्यापासून."

हे मला लगेच कळलं, संत्र्याविना. आमच्याकडं बनियनच्या विणीत एक टाका सुटला की तेवढ्यावर भागत नाही, खालपर्यंत सगळी वीण उसवत जाते. मी स्वतःचीच वीण उसवली होती. बाहेर खुर्च्यांवर माणसं खोळंबली होती, भाच्याच्या साहेबानं दारातून एकदा डोकावून घड्याळ बघितलं होतं, आणि ज्या पोरानं माझ्यासाठी मधेच जागा काढली त्याला माझ्यामुळं खाली बघावं लागत होतं. मला रडायला आलं. पण रडलं तर डोकं हलतं, म्हणून तेही जमेना.

दुसऱ्यांदा आत गेलो. ठक ठक सुरू व्हायच्या आधी हेडफोनमध्ये खरखर झाली आणि मावशी बोलल्या. भाच्यानं त्यांना माईकसमोर बसवलं असणार. हे नियमात बसतं का मला माहीत नाही.

"आयकून राहिला का रे?"

मी हो म्हणणार होतो.

"बोलू नको! हलू नको! नुस्ता आयक. पिठाची चक्की पाह्यली ना? चक्की वाजते तवा पीठ पडते. वाजनं बंद झालं का समजाचं, दाने संपले नाई तं लाईन गेली. वाजू दे तिले. तू नुस्ता पोतं होऊन पड."

मग ते वाजायला लागलं. मी पोतं झालो. घोटसुद्धा गिळला नाही. नाकावर खाज आली, तिला म्हटलं, ये बाई, तूही बस. ठणठणाटात मी एक एक दाणा मोजल्यासारखा पडून राहिलो, आणि कधी नव्हे ते मला वाटलं, वाजावं, अजून थोडं वाजावं, मधेच बंद पडू नये.

पाट बाहेर आला तेव्हा भाच्यानं अंगठा वर केला. मी विचारलं, "गाठ आहे?"

"भाऊ, मी फोटो काढतो. वाचणारे डॉक्टर येगळे. रिपोर्ट उद्या सकाळी मोबाइलवर येईन." मावशींनी त्याला मावशीपणाची शपथ घातली, तरी तो बोलला नाही. त्यानं मोठ्या पाकिटात फिल्मा घातल्या, एक सीडी दिली. मावशींनी पाकीट चाचपलं.

"चष्मा?"

"कोणता चष्मा?"

"थ्रीडीचा!"

"मावशी, चष्मा नसते त्याले."

"मंग हे सपाट फोटू कायले देले? थ्रीडी म्हणून सांगतलं अन् सपाट देते? बहिणीचं पोरगं म्हणून आली मी इथं!"

त्यानं समजावलं की थ्रीडी सगळं सीडीत आहे, फिल्म हे नुसतं त्यातलं काही कापून दाखवलेलं. मावशींना ते पटलं नाही. गाडीत त्यांनी समोरच्या बाकावरच्या नव्या लोकांना हेही सांगितलं.

घरी पोचलो तर ऊन अजून होतं. मावशींनी फिल्मा कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगल्या, माझ्या दोन बनियनांच्या मधोमध, आणि गल्ली बघायला आली. इकडं ही रीतच आहे. कुणाचाही एक्स-रे असो, उन्हाकडं धरून आधी गल्ली वाचते, मग डॉक्टर. चाचांनी चष्मा पुसला, एक एक चौकोन बघत गेले, आणि एका जागी थांबले.

"मास्टर," ते हळू म्हणाले. "हे दो गोले कशाचे?"

सगळे वाकले. मीही वाकलो. माझ्या डोक्याच्या कापात, पुढच्या बाजूला, दोन गोल, पांढरेशुभ्र, लिंबाएवढे गोळे होते. एक डावीकडं, एक उजवीकडं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या 'छोटीशी'. ह्या तर दोन होत्या, आणि भरलेल्या.

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांनी शिवी दिली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. मी मनातल्या मनात बायकोला सांगायची वाक्यं जुळवायला लागलो. कुठलंच वाक्य पुरं होईना. शेवटी चाचांनीच माझा फोन घेऊन भाच्याला लावला, फिल्मचा फोटो पाठवला आणि फोन मोठ्या आवाजावर केला.

"बेटा, ये दो गोले दिसून राहिले, सफेद. सामनेच आहेत."

"चाचा," भाचा म्हणाला, "थे डोळे आहेत."

"क्या?"

"डोळे. भाऊंचे डोळे. आतून पाणी असते म्हणून पांढरे दिसतात."

चाचांनी फिल्मकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, मग परत फिल्मकडं, जणू ओळख पटवून घेत होते. "बराबर आहे," ते म्हणाले. "जगा तीच आहे."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. इंग्रजीत. मी तो वाचायचा प्रयत्नच केला नाही, मावशींना घेऊन थेट डॉक्टरबाईंकडं गेलो. बाईंनी सीडी कम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर माझं डोकं आलं, आणि बाईंनी माऊस ओढला तसं ते आडवं झालं, उभं झालं, मागं वळलं.

"हां!" मावशी खुर्ची पुढं ओढत म्हणाल्या. "हे थ्रीडी. आता कसं! जरा वरून दाखवा बरं. आता त्या कडेनं." दुकानात लुगडं उलगडून बघावं तसं त्या माझं डोकं बघत होत्या. बाईही हसत हसत फिरवत होत्या. मग त्यांनी खूप आत नेलं, एका ठिकाणी थांबवलं, आणि काळ्या पडद्यावर एक इवलीशी पांढरी गोगलगाय दिसली. वेटोळं घातलेली, नीटस.

"अगं माय," मावशी म्हणाल्या, "हे किडं कवा गेलं याच्या कानात?"

"तो कानच आहे. आतला. सगळ्यांना असतो."

"माह्यातबी?"

"तुमच्यातही."

मावशींनी हळूच स्वतःच्या कानावर हात ठेवला आणि मग बराच वेळ तो काढला नाही.

"ही त्या गोगलगायीकडून निघालेली नळी," बाई माझ्याकडं वळल्या. "आता हिला आपण दोऱ्याच्या आडव्या रेषेत कापू. हा तिरका काप थ्रीडीशिवाय इतका स्वच्छ मिळत नाही. बघा, पांढऱ्या पाण्यात चार काळे ठिपके. चार शिरा. ही चेहऱ्याची, या दोन तोलाच्या, आणि ही तुमची ऐकण्याची. आता डावी बाजू. तेच चार. गाठ असती तर उजवीकडं हे पांढरं भरून गेलं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे गाठ नाही."

"काय नाही?"

"गाठ नाही हो. रिपोर्टमध्येही तेच आहे. शीर स्वच्छ आहे." मग त्यांनी सांगितलं की एक कान असा का गेला, याचं कारण दर वेळी सापडतंच असं नाही, मागांच्या खडखडाटाचाही त्यात वाटा असेल, गेलेलं ऐकू येणं परत येईलच असं नाही आणि कुंईऽऽही एकदम जायची नाही, तिच्यासोबत राहायला शिकायचं, कारखान्यात कानाला बोळे, आणि काही महिन्यांनी परत तपासणी. मी सगळ्याला मान हलवली. मनात एकच चाललं होतं: चार ठिपके. इकडं चार, तिकडं चार.

बाहेर पायरीवर आलो आणि मला हुंदका आवरेना.

"आता काहून रडून राहिला?" मावशी ओरडल्या. "गाठ निंगाली असती तं रडाचं होतं!"

"तेव्हा भीतीनं रडू येत नव्हतं, मावशी."

"मंग बायकोले लाव फोन. तिच्यापाशी रड. मले घरी पोळ्या टाकाच्या हायेत."

मी तिथंच उभा राहून बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कान, गाठ, अकोला, चार ठिपके. ती एकदाही मधे बोलली नाही. मला वाटलं फोन कटला.

"हाईस काय?"

"हाय," ती म्हणाली. "आवं, येवढं सगळं झालं आनि मला सांगिटलं न्हाईसा? मी कोन हाय तुमची?"

"तुला काळजी नको म्हणून..."

"काळजी माझी हाय. ती तुमी कशाला वापरली?" मग जरा थांबून, "जेवलासा काय?" आणि मग, "त्या मावशीस्नी द्या फोन."

मी फोन दिला. माझी बायको आणि मावशी पहिल्यांदाच बोलत होत्या. मावशी पायरीवर बसल्या. एकीचं 'व्हय' आणि दुसरीचं 'हाव' माझ्या डोक्यावरून येत-जात राहिलं. मधे मावशी माझ्याकडं बघून मान हलवायच्या, जसं आधी ठाऊक होतं ते आता पक्कं होतंय. दोघींना एकमेकींचं सगळं बोलणं कळत असेल असं मला वाटत नाही. पण निकाल एकच लागला.

"शनवारी तू घरी जाऊन राहिला," फोन परत देताना मावशी म्हणाल्या. "आठ दिवस. थे म्हणते, सीडीत नाई, मले समोर पाह्याचा हाये."

"मावशी, रजा मिळायची नाही. आताच दोन दिवस गेलेत."

"तुले नाई मिळाची," मावशी म्हणाल्या आणि पदरातली पिन काढून, पदर नीट खोचून, पुन्हा लावली. "तुह्या साहेबाचा नंबर लाव. मी बोलतो."

मी लावला.